चिनी चित्रातला मासा : शकुन की शिल्लक?

आमच्या चाळीत गेल्या वर्षी एका चित्रावरून चांगलीच बाचाबाची झाली. शेजारच्या वहिनींनी स्टेशनबाहेरच्या दुकानातून नऊ लाल माशांचे एक चौकटबंद चित्र आणले. मुलगा बारावीला, घरात मिळवता हात एकच आणि क्लासचा हप्ता तोंडावर आलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, हे चिनी चित्र आहे. उत्तरेच्या भिंतीला लावा. पैसा येत राहील, मुलगा पास होईल." वहिनींनी अकराशे रुपये मोजले. ते हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले होते, हे नंतर कळले.

चित्र भिंतीला लागले आणि दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे काका जिना चढून वर आले. "ज्या खिळ्यावरून तुझ्या सासऱ्यांनी देव उतरवले, त्याच खिळ्याला तू मासे टांगलेस? हीच का आपली वाटचाल?" वहिनीही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. "काका, चीनमध्येही बुद्धाला मानणारी माणसं आहेतच की! मग त्यांचं चित्र आपल्याला का चालू नये?" शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी दोघेही आमच्या दारात उभे राहिले. चाळीतले अर्ज लिहायचे आम्ही, भांडणे सोडवायची तीही आम्हीच.

खरे सांगायचे तर उत्तर आमच्याकडेही नव्हते. आम्ही पडलो कारकून. चित्रकलेशी आमचा संबंध कॅलेंडरापुरता. पण प्रश्न विचारला गेला की त्याचा तपास करावा, ही सवय आम्हाला चळवळीने लावली. चार-पाच रविवार ग्रंथालयात बसून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एक उच्चार, दोन अर्थ

चिनी भाषेत उच्चार थोडे आणि शब्द फार. त्यामुळे एकाच उच्चाराचे अनेक शब्द सापडतात. मराठीत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे नगरपालिकेचा कर, तसेच हे. मात्र चिनीत लिहिताना प्रत्येक शब्दाची खूण वेगळी असते. बोलताना दोन्ही सारखेच वाटतात. चिनी चित्रांतील पुष्कळशी शुभचिन्हे या उच्चाराच्या खेळातून जन्मली आहेत.

माशाला चिनीत 'यू' म्हणतात. आणि खर्च भागून जे उरते, ज्याला आपण शिल्लक म्हणतो, त्याचाही उच्चार 'यू'च! म्हणून तेथे नववर्षाच्या शुभेच्छा देताना 'न्येन-न्येन योउ यू' असे म्हणतात. अर्थ असा, की वर्षानुवर्षे घरात काही उरत राहो. ऐकणाऱ्याला मात्र 'वर्षानुवर्षे घरात मासा असो' असेही ऐकू येते. चित्रकाराने मासा काढला, की शुभेच्छा लिहायची गरजच उरत नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ती समजते.

यापुढे खेळ वाढतच जातो. कमळाला म्हणतात 'ल्येन' आणि 'एकामागून एक, सलग' यालाही 'ल्येन'. म्हणून माशाशेजारी कमळ काढले, की अर्थ होतो 'सलग दरवर्षी शिल्लक'. मांगूरसारखा लांब मिशांचा एक मासा आहे, त्याचे नाव 'न्येन', आणि वर्षालाही 'न्येन'. रोहू-कटल्याच्या कुळातल्या कार्प माशाला म्हणतात 'ली'. आवाजाचा चढउतार थोडा बदलला, की 'ली' म्हणजे नफा. काचेच्या भांड्यात पोहणाऱ्या सोनेरी माशाचे नाव 'चिन-यू', ते ऐकायला 'सोने आणि जेड' यासारखे लागते. जेड म्हणजे चिनी लोकांना अतिशय मोलाचा वाटणारा दगड. आता वहिनींचे नऊ मासे घ्या. नऊ म्हणजे 'जिउ' आणि दीर्घकाळ म्हणजेही 'जिउ'. म्हणजे त्या चित्राचा अर्थ एवढाच, की शिल्लक पुष्कळ काळ टिको.

वाचकहो, यात मंत्र कुठे आहे? तंत्र कुठे आहे? आपण कार्डावर 'सुखी राहा' असे लिहितो. चिनी माणसाने तेच माशाच्या रूपाने लिहिले. उत्तरेची भिंत, दक्षिणेची भिंत हा भाग फेंगशुई नावाच्या वेगळ्या समजुतीतला. आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या शेजारी तिचेही दुकान लागले आहे.

गरिबाच्या भिंतीवरचा मासा

मासा चिनी कलेत फार जुना. शीआन शहराजवळ बान्पो येथे १९५० नंतरच्या दशकात उत्खनन झाले. तेथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी सापडली. त्यांच्यावर माणसाचा चेहरा आणि मासे रंगवलेले आहेत. त्या माणसांच्या मनात काय होते ते कोण सांगणार? पण नदीकाठी राहून मासे खाणारी ती माणसे होती, हे निश्चित.

पुढे हा मासा सामान्यांच्या घरात शिरला तो नववर्षाच्या चित्रांतून. या चित्रांना 'न्येनहुआ' म्हणतात. तिआनजिन शहराच्या पश्चिमेला यांगल्यूछिंग नावाचे गाव आहे. मिंग राजवटीच्या अखेरीपासून हे गाव या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. लाकडी ठोकळ्यावर रेषा कोरायच्या, कागदावर छाप घ्यायचा आणि मग हाताने कुंचल्याने रंग भरायचे, अशी तेथली पद्धत. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, रंगवणारे वेगळे. घरोघरी बायामुले रंग भरायला बसत. म्हणजे आपल्याकडे विडीचे किंवा अगरबत्तीचे काम घरी आणतात, तसाच हा प्रकार.

या गावाचे सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे गुबगुबीत बाळ आणि मासा. बाळाने आपल्याएवढा मोठा लाल कार्प दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला आहे आणि शेजारी कमळ आहे. अर्थ वाचकांना आता सांगायला नको. शेतकरी वर्षाअखेरीस जुने, काळवंडलेले चित्र काढी आणि नवे चिकटवी. नववर्षाच्या जेवणात मासा शिजवीत, पण तो संपवीत नसत. थोडा ताटात मुद्दाम ठेवीत. ही रीत आजही आहे. मासा उरला म्हणजे 'यू' उरला!

आम्ही हिशेबाच्या वह्यांत आयुष्य काढले आहे. महिनाअखेरीस पानाच्या तळाशी 'शिल्लक पुढे नेली' हे तीन शब्द लिहिताना जो निवांतपणा वाटतो, तो आम्हाला ठाऊक आहे. घरच्या वहीत ते शब्द कितीदा लिहिता आले, हेही ठाऊक आहे. म्हणूनच त्या बाळाचे चित्र पाहून आम्हाला हसू आले नाही. ज्याच्या कणगीत पेरणीपर्यंत दाणा टिकत नाही, तोच माणूस भिंतीवर 'काही उरो' असे लिहितो. कोठार भरलेल्या सावकाराला शिल्लक मागायचे कारण नाही.

दरबारातला मासा

आता थोडे श्रीमंतांच्या घरात डोकावू. सुंग राजवटीत हुइत्सुंग नावाचा बादशहा होऊन गेला. तो स्वतः चित्रकार होता. त्याच्या संग्रहाची सूची ११२० च्या सुमारास तयार झाली. तीत चित्रांचे दहा वर्ग पाडले आहेत. त्यांतला एक वर्गच मुळी 'ड्रॅगन आणि मासे' असा आहे. त्या काळचा ल्यू त्साय हा माशांचा नामांकित चित्रकार. गळून पडणाऱ्या पाकळ्यांमागे धावणारे मासे, असे त्याच्या नावावर सांगितले जाणारे एक लांब गुंडाळीचित्र आज अमेरिकेत सेंट लुईस येथील संग्रहालयात आहे.

या चित्रांत शिल्लक-नफ्यापेक्षा वेगळा अर्थ आहे. च्वांग त्सू हा प्राचीन तत्त्वज्ञ मित्राबरोबर पुलावर उभा होता. खाली पोहणारे मासे पाहून तो म्हणाला, मासे किती आनंदात आहेत! मित्राने हटकले, तू मासा नाहीस, मग तुला कसे कळले? च्वांग त्सूनेही उलट विचारले, तू मी नाहीस, मग मला कळले नाही हे तुला कसे कळले? हा वाद चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे गाजतो आहे. तेव्हापासून पोहणारा मासा हे मोकळ्या जगण्याचे चिन्ह ठरले.

१२७९ मध्ये मंगोलांनी सुंग राज्य बुडवले. त्यानंतर १२९१ मध्ये चोउ तुंगछिंग या चित्रकाराने माशांच्या आनंदाचे एक गुंडाळीचित्र काढले. सुमारे सहा मीटर लांबीचे हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचा मित्र वन थ्येनश्यांग परक्या सत्तेपुढे झुकला नाही, म्हणून त्याला १२८३ मध्ये ठार मारण्यात आले होते. अशा माणसाने मोकळे मासे काढावेत, यात पुष्कळ काही आले. चित्रात पाणी रंगवलेले नाही. कोरा कागद हेच पाणी. माशांच्या वळणावरून प्रवाह कळतो.

ड्रॅगनचे दार

वहिनींना दुकानदाराने 'मुलगा पास होईल' असे का सांगितले, त्याचे मूळ एका दंतकथेत आहे. पीत नदी, म्हणजे ह्वांग हो, एके ठिकाणी डोंगराच्या अरुंद फटीतून उसळत बाहेर पडते. त्या जागेचे नाव लोंगमन, म्हणजे ड्रॅगनचे दार. दरसाल वसंतात हजारो कार्प प्रवाहाच्या उलट पोहत तेथे जमतात. जो उडी मारून दार ओलांडील तो ड्रॅगन होतो. वर्षभरात बहात्तरांहून अधिक मासे पलीकडे जात नाहीत, असे जुनी कथा सांगते. बाकीचे कपाळावर जखम घेऊन खाली पडतात.

चीनमध्ये सरकारी अधिकारी लेखी परीक्षेतून निवडत. ही पद्धत सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षे, कमीअधिक चालू राहिली. तालुका, प्रांत, राजधानी अशा पायऱ्या होत्या. नानजिंगच्या परीक्षा-आवारात एका वेळी वीस हजारांहून अधिक उमेदवार बसतील अशा चिमुकल्या कोठड्या होत्या. पास झालेल्याला 'ड्रॅगनचे दार ओलांडले' म्हणत. नापास झालेल्याला 'कपाळाला खोक पडली' म्हणत. म्हणून उसळत्या लाटेवरून झेपावणाऱ्या कार्पाचे चित्र परीक्षार्थींच्या घरी लागू लागले.

जन्मावर नव्हे तर परीक्षेवर अधिकार मिळावा, ही कल्पना मोठीच. पण आमच्यासारख्याला पुढचा प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही. दाराशी जाऊ कोणाला देत होते?

स्त्रियांना परीक्षा नव्हती. गरिबाच्या मुलाला कायद्याने मनाई नव्हती, पण वर्षानुवर्षे कमाई न करता पाठांतर करायचे म्हणजे घरात काही उरत असले पाहिजे. आणि काही समूहांना तर कायद्यानेच बंदी होती. सरकारदप्तरी त्यांची नोंद 'हलके लोक' अशी असे. त्यांत दक्षिणेच्या ग्वांगतुंग प्रांतातले, होडीवर जन्मून होडीवरच मरणारे लोक होते. जमिनीवरचे लोक त्यांना 'तान्का' म्हणून हिणवीत. त्यांनी काठावर घर बांधू नये, काठावरच्यांशी लग्न करू नये, परीक्षेला बसू नये. पिढ्यान् पिढ्या मासे पकडून काठावरच्यांना खाऊ घालणारी ही माणसे. मासा ड्रॅगन होऊ शकत होता, कोळ्याचा मुलगा मात्र दाराशीही जाऊ शकत नव्हता!

१७२९ मध्ये युंगचंग बादशहाने फर्मान काढून या लोकांना किनाऱ्यावर राहण्याची आणि सामान्य प्रजेत नाव नोंदवण्याची मुभा दिली. पण १७७१ मध्ये नियम झाला, की हलका धंदा सोडल्याची नोंद केल्यापासून चौथ्या पिढीला, तीही जवळच्या साऱ्या भाऊबंदांचा धंदा 'स्वच्छ' असेल तर, परीक्षेला बसता येईल. म्हणजे पणजोबाने जाळे टाकून द्यायचे, तेव्हा पणतू दाराशी पोहोचणार. पाणी आणि पाटी यांच्या आड कायदा उभा राहतो म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

झेपावणाऱ्या माशाचे चित्र सुंदरच आहे. पण त्याच्याकडे पाहताना पाण्यातल्या होडीत बसलेला तो मुलगाही आम्हाला दिसतो.

तीन मासे

आता आम्हाला सर्वांत आवडलेल्या चित्राकडे येतो. त्यात फक्त तीन मासे असतात. तीन मासे म्हणजे 'सान यू', म्हणजेच तीन शिल्लका.

कथा तिसऱ्या शतकातली आहे. तुंग यू नावाचा एक विद्वान होता. एका विद्यार्थ्याने त्याच्याकडे तक्रार केली, की अभ्यासाला वेळच मिळत नाही. तुंग यूने त्याला तीन शिल्लका मोजून दाखवल्या. शेतीची कामे आटोपल्यावर येणारा हिवाळा ही वर्षाची शिल्लक. रात्र ही दिवसाची शिल्लक. आणि पावसाने कामे बंद पडली, की तो वेळ ही ऋतूची शिल्लक. या तिन्ही वेळा वाचायला बसावे.

विसाव्या शतकातले थोर चिनी चित्रकार छी बायशी यांनी हे तीन मासे काढले. ही व्यक्ती समजून घेण्यासारखी आहे. १८६४ मध्ये हुनान प्रांतात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अंगात ताकद कमी म्हणून शेतीला निरुपयोगी ठरले आणि सुतारकामाला लागले. पुढे लाकडावर नक्षी कोरू लागले. विशीत असताना त्यांना एका घरी चित्रकलेचे जुने पाठ्यपुस्तक दिसले. विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी ते उसने आणले आणि दिवसभर सुतारकाम करून रात्री दिव्याच्या उजेडात महिनोन्महिने त्यातली चित्रे उतरवून घेतली. पुढे त्यांची कोळंबी, खेकडे आणि मासे जगभर गेले. १९५७ मध्ये ते वारले. आपल्या एका तीन माशांच्या चित्रावर त्यांनी स्वतःच्या तीन शिल्लका लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यांत चित्रकलेला पोटाच्या कामातून उरलेली गोष्ट म्हटले आहे. रात्रीची शिल्लक खर्ची घालून मोठा झालेला माणूस तो. त्याला हे म्हणण्याचा अधिकार होता.

डोळे न मिटणारा मासा

वहिनींचा दुसरा मुद्दा बुद्धधम्माचा होता. त्यातही तथ्य आहे, पण दुकानदाराला ठाऊक नसलेले.

बौद्ध अष्टमंगल चिन्हांत शंख, छत्र, ध्वज, चक्र, कमळ, कलश आणि श्रीवत्साची गाठ यांच्याबरोबर माशांची जोडी आहे. ही जोडी भारतातून गेलेली आहे. मथुरेच्या प्राचीन जैन आयागपटांवरही ती कोरलेली आढळते. तिबेटी परंपरेतून ही आठ चिन्हे चीनमध्ये रुळली आणि चिनी मातीच्या भांड्यांवर, रेशमावर, विहारांतल्या सजावटीत दिसू लागली. चिनी गृहस्थाने त्या जोडीत पती-पत्नीचे सौख्य पाहिले. बौद्ध अर्थ निराळा आहे. दुःखाच्या सागरात न बुडता, न भिता, हवे तिकडे पोहणारे मासे, असा तो अर्थ.

चिनी विहारांत लाकडी माशावर ठोके देतात. त्याला 'मू-यू' म्हणतात. लांब आकाराचा मासा टांगलेला असतो आणि तो वाजला की भिक्खू भोजनाला जमतात. गोल माशावर ठेका धरून सूत्रपठण होते. मासाच का? तर माशाला पापण्या नसतात. दिवसरात्र त्याचे डोळे उघडे. भिक्खूनेही तसे जागे राहावे. धम्मपदातला अप्पमादवग्ग ज्यांनी विहारात ऐकला आहे, त्यांना हा मासा परका वाटणार नाही.

आणखी एक चित्र चिनी कलावंतांनी वारंवार काढले आहे. हातात माशांची टोपली घेतलेली एक तरुणी. ती कोळीण नाही, ती आहे क्वानयिन, म्हणजे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत दिसणारा अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झालेला. कथा अशी, की ती मासे विकायला गावात आली आणि सारे तरुण लग्नाला तयार झाले. तिने अट घातली, जो सूत्र पाठ करील त्याच्याशी लग्न करीन. एक सूत्र झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. शेवटी मा नावाचा एकच तरुण टिकला. लग्नाच्या दिवशीच ती मरण पावली आणि मग ती कोण होती ते गावाला उमगले. तोवर सारे गाव सूत्रे वाचायला शिकले होते! करुणेला मासे विकणाऱ्या बाईचे रूप द्यावेसे वाटले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

खिळा तोच

हे सारे आम्ही एका रविवारी वहिनींना आणि काकांना समोर बसवून सांगितले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चित्र खोटं नाही. दुकानदार खोटा." वहिनी हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "मग तीनच मासे पुरले असते की भावजी! अकराशे कशाला घातले मी?"

हप्त्याचे काय झाले, तेही सांगतो. चाळीतल्या बायकांची भिशी आहे. कोणी धुणीभांडी करते, कोणी डबे पोहोचवते, कोणी शिवण शिवते. महिन्याच्या खर्चातून उरवलेले पैसे त्या एकत्र टाकतात. त्या महिन्याचा नंबर दुसऱ्या बाईचा होता. तिने तो वहिनींना दिला आणि हप्ता वेळेवर भरला गेला. 'यू' म्हणजे काय, हे त्या बायकांना चिनी न शिकताच ठाऊक होते.

मुलगा रात्री विहाराच्या खोलीत अभ्यासाला बसू लागला. पावसात क्लास बुडाला तरी खोली उघडी असे. परीक्षा पास होऊन तो आता कॉलेजला जातो. चित्र अजून घरात आहे. ते स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावले आहे आणि धाकटी मुलगी त्यावरून मासे काढायला शिकते. उत्तरेच्या भिंतीवरच्या त्या खिळ्याला मुलाने आपले वेळापत्रक टांगले आहे.